दऱ्यांचा दर्या

मागच्या वर्षी दिवाळी उलटल्यावर एक बाई आमच्या जुळणीच्या, म्हणजे छपाईसाठी मजकूर टाइप करून पाने लावण्याच्या, दुकानात आल्या. कापडी पिशवीतून दोन वस्तू काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या : प्लास्टिकच्या डबीतली एक सीडी आणि एक पुस्तक. पुस्तक त्यांच्या वडिलांचे होते. पाटण तालुक्यातील आपल्या गावाचा इतिहास त्यांनी लिहिला होता आणि १९९८ साली स्वतःच्या भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांतून तो छापला होता. एकशे शहात्तर पाने, म्हणजे सोळा-सोळा पानांचे अकरा फॉर्म, आणि प्रती पाचशे. त्याची जुळणी मीच केली होती. वडील प्राथमिक शिक्षक, त्यामुळे सगळ्या पंचक्रोशीचे गुरुजी. ते तीन वर्षांपूर्वी गेले, आणि आता गावकऱ्यांना दुसरी आवृत्ती हवी होती.

“दादा, बाबांनी ही सीडी रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली होती,” त्या म्हणाल्या. “पुस्तकाला वाळवी लागेल, पण ही कुठे जात नाही, असं म्हणायचे.”

मी मान डोलावली खरी, पण मनातून वरमलो, कारण हे वाक्य गुरुजींना सांगणारा मीच होतो. त्या काळी सीडी लिहून देणारे यंत्र आमच्याकडे नव्हते. मुद्दाम पुण्याला जाऊन, चांगले पैसे मोजून मी ती लिहून आणली होती, आणि आधुनिक तंत्रज्ञानाचा प्रसाद वाटावा तशा थाटात गुरुजींच्या हाती दिली होती. वर संगणकावर छापलेले कागदी लेबलही हौसेने चिकटवले होते.

ती हौसच नडली. सीडीची चकचकीत खालची बाजू नाजूक असते आणि नाव लिहायची वरची बाजू मजबूत असते, असे आपण सगळे समजत होतो. प्रत्यक्षात माहिती वाचण्यासाठी लागणारा परावर्तक थर वरच्या बाजूलाच असतो आणि त्याच्यावर संरक्षण म्हणून फक्त लाखेचा पातळ हात दिलेला असतो. पंचवीस पावसाळ्यांत लेबलाचा डिंक सुकला, आकसला आणि त्याने तो थर ओढून काढला. सीडी उजेडासमोर धरली तेव्हा तिच्यातून टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले. तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. दोन ड्राइव्हनी ती आत आहे हेच मान्य केले नाही आणि तिसरा नुसता घरघरत राहिला.

पुस्तकाचीही अवस्था फार बरी होती असे नाही. त्याची बांधणी शिलाईची नव्हती, गोंदाची होती. आमच्या धंद्यात तिला ‘परफेक्ट बाइंडिंग’ म्हणतात, आणि हे नाव ज्याने ठेवले त्याने सातारी उन्हाळा पाहिलेला नसावा. गोंद कडक होऊन तडकला होता, पाठीपासून पाने सुटली होती, आणि ७३-७४ क्रमांकाचे पान गायबच होते. कागद स्वस्तातला, त्यामुळे कडांना चहासारखा रंग चढला होता. तरीही मी उघडलेले पान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येत होते. दोन्ही वस्तू एकाच कपाटात, एकाच हवेत, सारखीच वर्षे राहिल्या होत्या. पुस्तकात काय नाही हे मला चटकन सांगता आले, कारण पृष्ठक्रमांकच ते सांगत होते. सीडीच्या बाबतीत ती गेली एवढ्याच माहितीवर थांबावे लागले.

धंद्याची अब्रू राखायची म्हणून मी आमच्या माळ्यावरच्या जुन्या हार्ड डिस्क खाली काढल्या. त्यांतली एक चालली, आणि तिच्यात गुरुजींच्या पुस्तकाच्या अकरा फायली सापडल्या. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो जेमतेम अर्धा तास टिकला. फायली पेजमेकर या पाने जुळण्याच्या सॉफ्टवेअरच्या होत्या. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली, त्यानंतर तो कार्यक्रम थांबला, आणि आजच्या संगणकावर तो सुखाने बसत नाही. एका मित्राच्या गोदामातून जुना संगणक आणून फाइल उघडली, तेव्हा पडद्यावर मराठीचे एक अक्षरही नव्हते. इंग्रजी अक्षरे, डॉलरच्या खुणा, कंस, उलटे स्वल्पविराम आणि मधूनच ‘य’वर टिंब दिल्यासारखी कुठल्या तरी युरोपीय भाषेतील चिन्हे, असा तो सगळा पसारा होता. फॉन्ट नव्हता. फॉन्टची फ्लॉपी शोधून काढली, तर तो फॉन्ट चालण्यासाठी संगणकाच्या मागच्या प्रिंटर पोर्टला डोंगल, म्हणजे कुलपाचे ठोकळ्यासारखे उपकरण, लावावे लागे. ते डोंगल बहुधा मीच कधीतरी भंगारात घातले असावे, कारण तसले पोर्टसुद्धा नव्या संगणकांवरून केव्हाच नाहीसे झाले आहेत.

ज्यांनी ते दिवस पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी येथे थोडे सांगायला हवे. संगणकाला अक्षर कळत नाही, त्याला क्रमांक कळतो. कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर म्हणायचे हे सर्वांनी मिळून ठरवावे लागते, आणि नव्वदच्या दशकात मराठी छपाईच्या धंद्यात ते ठरलेलेच नव्हते. एका फॉन्टमध्ये २५६ घरे असत, त्यांतली काही आधीच राखीव. आपली बाराखडी, जोडाक्षरे आणि अर्धी अक्षरे एवढ्या घरांत मावत नसत, म्हणून फॉन्ट करणाऱ्यांनी अक्षरांचे तुकडे पाडले. ‘ग’ हे एक अक्षर नव्हते. कान्याशिवायचा ग् हा एक तुकडा आणि काना हा दुसरा. हे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या घरांत बसवले होते, आणि कोणता तुकडा कोणत्या घरात हे प्रत्येक कंपनीने आपल्या सोयीने ठरवले होते. त्यामुळे फॉन्ट गेला की उरत असे ती केवळ घरांच्या क्रमांकांची यादी. शिशाची सुटी अक्षरे, म्हणजे खिळे, जुळवणाऱ्या छापखान्यात नवा कंपॉझिटर आला आणि खणांची मांडणी त्याला माहीत नसली, तरी खिळा हातात घेतल्यावर त्याला अक्षर दिसे. इथे तसा हातात घेण्यासारखा खिळाच नव्हता.

यावरचा उपाय त्याच काळात तयार होत होता, ही त्यातली गंमत. इस्की नावाची भारतीय लिप्यांची संकेतपद्धती भारतीय मानक म्हणून १९९१ साली मान्य झाली, आणि त्याच वर्षी युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठी केलेल्या सामाईक संकेतपद्धतीची, पहिली आवृत्ती निघाली, तिच्यातही देवनागरी होती. पण सामान्य संगणकावर युनिकोड मराठी नीट उमटायला विंडोज २०००ची वाट पाहावी लागली, आणि छपाईची सॉफ्टवेअरे तर त्यानंतरही बरीच वर्षे जुन्याच वाटेने चालत राहिली. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरच्या दहा-एक वर्षांत संगणकावर जुळलेली मराठी पुस्तके, दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका आणि गौरवग्रंथ या सगळ्यांच्या मूळ फायली बहुतांश अशाच कुलूपबंद अवस्थेत आहेत. त्याआधीच्या खिळ्यांच्या छपाईत फाइल नव्हतीच, त्यामुळे तिच्या भरवशावर कोणी राहिलेही नाही.

अखेर जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे एक साधन मिळाले आणि मी अकराच्या अकरा फायली त्यातून काढल्या. पडद्यावर मराठी दिसली, आणि पहिली दोन पाने वाचून मी बाईंना फोन करून काम झाल्याचे सांगूनही टाकले. तिसऱ्या पानावर गुरुजींनी गावाचे वर्णन केले आहे : “गावाच्या तिन्ही बाजूंना खोल दऱ्या आहेत.” माझ्या पडद्यावर होते : “गावाच्या तिन्ही बाजूंना खोल दर्या आहेत.” कोयनेच्या खोऱ्यातले गाव एका रात्रीत द्वीपकल्प झाले होते.

चूक कशी झाली ते उघड होते. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने भरलेली असत. ‘किती’ लिहिताना आधी पहिली वेलांटी आणि मग क. ‘धर्म’ लिहिताना ध, म आणि शेवटी डोक्यावरचा रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो : क नंतर वेलांटी, आणि र् हा म च्या आधी. म्हणजे बदल करणाऱ्या साधनाला प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार उचलून योग्य जागी न्यावा लागतो. ते त्याने बऱ्यापैकी केले. पण ‘दऱ्या’मधला आडवा, चंद्रकोरीसारखा र हा मराठीचा खास आहे. हिंदीला तो लागत नाही, आणि ज्याने कोणी हे साधन बनवले त्याने त्या तुकड्याला साध्या र् च्या पंक्तीत बसवले. त्यामुळे पुस्तकभर ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’ झाले, जे निदान डोळ्यांना खुपते. पण दऱ्यांचा दर्या झाला, आणि ज्या प्रकरणात गावजेवणाचे वर्णन आहे तिथे ‘आचाऱ्यांना’ शिधा देण्याऐवजी तो ‘आचार्यांना’ देण्यात आला. हे दोन्ही शब्द मराठीत शुद्ध आहेत. शुद्धलेखन तपासणाऱ्या कोणत्याही यंत्राने त्यांच्याखाली तांबडी रेघ मारली नसती. माझ्यासमोर छापील पुस्तक उघडे नसते आणि मी गुरुजींचे गाव पाहिलेले नसते, तर मीही मारली नसती.

विश्वासार्हतेचा प्रश्न मला येथे सर्वांत जास्त बोचतो. सीडी गेली त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही; गेलेली वस्तू गेली असे निदान कळते. पुस्तक बिघडते तेही समोर बिघडते : पान सुटते, डाग पडतो, कसर भोक पाडते, आणि भोकाच्या जागी काही नसते. कसरीने ‘दऱ्या’ खाऊन तिथे सुबक टायपात ‘दर्या’ छापून ठेवला असे कधी घडत नाही. संगणकाकडून ते घडू शकते.

हे माझ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या जुळाऱ्याचे रडगाणे वाटेल, म्हणून एक मोठे उदाहरण देतो. २०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या असे लक्षात आले, की झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या इमारतीच्या नकाशात खोल्यांची क्षेत्रफळे बदललेली आहेत. मूळ नकाशात तीन खोल्या तीन वेगवेगळ्या मापांच्या होत्या, आणि प्रतीत एकाच खोलीचे माप दुसरीवरही उमटले होते. आकडा पुसट नव्हता, स्वच्छ होता, पण खोटा होता. फाइल लहान व्हावी म्हणून त्या यंत्रातील पद्धत पानावरचे सारखे दिसणारे तुकडे शोधून एकाच तुकड्याने सगळीकडे काम भागवत असे, आणि बारीक टायपातला ६ तिला ८ सारखा दिसला की ती खुशाल अदलाबदल करी. कंपनीने पुढे दुरुस्ती दिली. पण आपल्याकडे ‘झेरॉक्स’ हा शब्दच तंतोतंत नकलेला प्रतिशब्द म्हणून वापरतात, तलाठी कार्यालयापासून कॉलेजच्या खिडकीपर्यंत सगळे व्यवहार त्याच्या भरवशावर चालतात, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीतला काटा अधिक टोचतो.

म्हणून छापील पुस्तकाची आरती ओवाळायला मी निघालो आहे असे मात्र नाही. चाळीस वर्षांच्या जवळपास मी छापखान्याच्या आसपास काढली आहेत आणि छापील अक्षराच्या खोटेपणाचे मला पुष्कळ नमुने माहीत आहेत. संगणकाची मूळ कल्पनाच मुळी छापील पुस्तकांवरील अविश्वासातून निघाली. १८२१ साली लंडनमध्ये इंग्रज गणितज्ञ चार्ल्स बॅबेज आणि त्याचा मित्र जॉन हर्शेल खगोलशास्त्राची कोष्टके तपासत बसले होते आणि त्यांत चुकांवर चुका निघत होत्या. त्या काळी नौकानयन आणि खगोलगणित या छापील कोष्टकांवर चाले. आकडेमोड माणसे करीत, नक्कल माणसे करीत आणि खिळे जुळवणारीही माणसेच. हे सगळे वाफेच्या बळावर यंत्राने करावे असे बॅबेजच्या मनात आले, आणि त्याने ज्या यंत्राचा आराखडा केला त्यात केवळ आकडेमोड नव्हती, तर छपाईसाठी साचा उठवण्याची सोयही होती, म्हणजे जुळाऱ्याला चूक करायला जागाच उरू नये. आमच्या जातीवर एवढा अविश्वास दुसऱ्या कोणी दाखवला नसेल. त्याच्या हयातीत ते यंत्र पुरे झाले नाही. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच्या नंतरच्या आराखड्यावरून १९९१ साली ते बांधले, आणि छपाईचा भाग २००२ साली पूर्ण झाला.

गुरुजींच्या पुस्तकातही एक चूक होती, आणि ती माझी होती. प्रस्तावनेत कोयनेच्या भूकंपाचे साल १९६७ ऐवजी १९७६ पडले होते. ज्या गावाने ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे घरे कोसळताना पाहिली, त्या गावाच्या इतिहासात ही चूक! गुरुजी मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी निळ्या शाईचे पेन घेतले आणि घरात असलेल्या प्रत्येक प्रतीत ७ आणि ६ यांची अदलाबदल स्वतःच्या हाताने केली. बाईंनी आणलेल्या प्रतीतही ती दुरुस्ती होती. पण ज्या प्रती आधीच बाहेर गेल्या होत्या, त्यांत भूकंप आजही १९७६ सालीच होतो. छापील पुस्तकाला चूक दुरुस्त करता येत नाही, याचा अर्थ हा असा असतो. त्याचबरोबर, चूक कोणाची, कधीची आणि ती कोणी दुरुस्त केली, हे सगळे त्या एका शब्दावर उघड दिसते. संकेतस्थळावरचे साल बदलले असते तर काल तिथे काय होते हे आज कोणाला कळले असते, असे मला वाटत नाही.

आता फायलींविषयीची शेवटची आणि मला सर्वांत उशिरा आठवलेली गोष्ट. दऱ्या, आचारी आणि वारे दुरुस्त करून मी फाइल छापील पुस्तकाशी ताडून पाहू लागलो, तेव्हा काही ठिकाणी दोन्हींत मजकूरच वेगळा निघाला. फायलीत एका वाड्याच्या मालकाचे आडनाव एक, पुस्तकात दुसरे. फायलीत नसलेले एक पूर्ण वाक्य पुस्तकात आहे. आधी मला हाही साधनाचाच प्रताप वाटला. मग आठवले. त्या काळी आम्ही पाने बटर पेपरवर काढून प्लेट करणाऱ्याकडे पाठवत असू. अखेरच्या घटकेला दुरुस्ती आली तर सगळे पान पुन्हा काढणे परवडत नसे. नव्या ओळीची चिंधी छापून, ब्लेडने कापून, जुन्या ओळीवर चिकटवली जाई. ती चिंधी कुठल्या तरी दुसऱ्याच फायलीत टाइप केलेली असे आणि काम झाल्यावर पुसली जाई. मूळ फाइल दुरुस्त करायची राहून जाई, आणि मग कायमचीच राही. म्हणजे ज्या फायलीला आम्ही ‘मूळ’ म्हणत होतो, ते गुरुजींचे पुस्तक नव्हतेच. ते त्याच्या आदल्या आठवड्यातले काहीतरी होते. गुरुजींचे पुस्तक म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर फक्त छापलेल्या, शिवलेल्या किंवा निदान डिंकाने चिकटवलेल्या कागदावर होते.

इतके झाल्यावर मी फायलींचा नाद सोडला आणि पुस्तकावरून नव्याने जुळणी करायची ठरवली. ७३-७४ हे पान उरले होते. गुरुजींनी नियमाप्रमाणे चार प्रती पोस्टाने पाठवल्या होत्या. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरावीक ग्रंथालयांना द्यायची असते, आणि स्वखर्चाने पुस्तक काढणारे गुरुजी स्वतःच प्रकाशक असल्याने त्यांनी ते कर्तव्य चोख बजावले होते. नोंदणीच्या पावत्या पुस्तकाच्या हस्तलिखितातच टाचून ठेवल्या होत्या. पण तितके लांब जावे लागले नाही. शेजारच्या गावातील वाचनालयात एक प्रत निघाली. वाचनालयाने ती केव्हाच स्थानिक बाइंडरकडून जाड पुठ्ठ्यात बांधून घेतली होती. पानांच्या बगलेत आरपार दोरा ओवलेला, त्यामुळे ती धड उघडत नव्हती, आतला समास गिळला गेला होता, पण एकही पान हलले नव्हते. ७४ व्या पानावर पडझड झालेल्या घरांची यादी होती, आणि तिच्या बाजूला कोणी तरी शिसपेन्सिलीने एका घरापुढे ‘आमचे’ असे लिहिले होते.

ते पान आधी मी स्कॅन करून अक्षरओळख करणाऱ्या साधनातून काढून पाहिले, सवयच ती. झिजलेल्या छपाईतल्या ‘घ’चे त्याने बहुतेक ठिकाणी ‘ध’ केले आणि तीन ठिकाणी १ चा ९ केला. मग मी यादी मोठ्याने वाचत गेलो आणि आमच्या मुलीने टाइप केली, आणि नंतर ती वाचत गेली आणि मी पुस्तकावर बोट ठेवत गेलो. खिळ्यांच्या काळात प्रूफ असेच वाचत असत.

संगणकाशिवाय मी आज एक दिवसही काम करू शकत नाही, हेही येथेच सांगून टाकतो. मोल्सवर्थचा कोश माझ्या फडताळात आहे, १९७५ ची पुनर्मुद्रित प्रत, पण शब्द अडला की मी शिकागो विद्यापीठाने जालावर ठेवलेल्या त्याच्या प्रतीकडेच आधी वळतो, कारण तिथे शब्द क्षणात सापडतो आणि मांडीवर जडशीळ ओझे घ्यावे लागत नाही. मात्र तिथे सापडलेला अर्थ छापायचा असेल तर उठून फडताळापर्यंत जातो. दुसऱ्या आवृत्तीची फाइल मी युनिकोडमध्ये ठेवली आहे. तिची साधी मजकुराची प्रत वेगळी, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ वेगळी, दोन ठिकाणी दोन डिस्कवर. शेवटच्या दुरुस्त्या या वेळी फायलीतच केल्या आहेत. आणि बांधणी शिलाईची घेतली आहे, प्रतीमागे सात-आठ रुपये जास्त गेले तरी.

फेब्रुवारीत मी वाचनालयाची प्रत परत द्यायला गेलो, सोबत नव्या आवृत्तीची एक प्रत भेट म्हणून घेऊन. ग्रंथपाल बाईंनी नवी प्रत दाखल करून घेतली, आणि जुनी जीर्ण झाल्यामुळे बाद करायच्या पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवली. नवीत सगळे तेच आहे ना, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, सगळे तेच असावे म्हणून मी तीन महिने खपलो आहे, पण ते तेच आहे की नाही हे उद्या कोणाला पाहायचे झाले तर कशाशी ताडणार? त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले. मग जुनी प्रत गठ्ठ्यावरून उचलली, दाखल नोंदवही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले : बाद करू नये.